माहीत नाही म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

त्या संध्याकाळी मी दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याशी भांडले. नवरा जंगलातल्या फेरीवरून उशिरा आलाय, अंगणात येऊन नुसताच उभा राहिलाय आणि हातपाय धुवायचं नाव नाही, असं मला वाटलं. माझ्या जिभेला लहानपणापासून हाड नव्हतंच, मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. सदरा वाऱ्यानं जरा हलला, पण उत्तर त्यानं नवऱ्यासारखंच काही दिलं नाही. मग खरा नवरा माझ्या मागून आला आणि कोणाशी बोलून राह्यली म्हणून विचारू लागला. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. हसता हसता त्यानं हातातली काठी माझ्यासमोर धरली आणि हे काय आहे, असं विचारलं. मला काठी दिसत नव्हती, आणि काठी धरणारा हातही दिसत नव्हता. मग आम्ही हसायचं थांबलो.

गडचिरोली चांद्यापासून वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरा वनखात्यात नाकेदार होता. अहेरीच्या पलीकडे रस्त्यावर आडवा बांबू टाकलेला नाका, त्याच्याजवळ दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, दाराशी मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड, आणि हाकेच्या अंतरावर माडिया गोंडांचं गाव, एवढा आमचा संसार. मला सहावा महिना सरत आला होता. दिवसा मला सगळं नीट दिसायचं, तांदळातला खडा दिसायचा, दूरच्या झाडावरचं माकड दिसायचं. सूर्य झाडांमागे गेला की मात्र काहीच दिसेनासं व्हायचं, आणि चिमणी लावली तर फक्त चिमणीच दिसायची.

गावातल्या बायांना याचं काही विशेष वाटलं नाही. गावची पूजा करणाऱ्या माणसाला तिथे गायता म्हणतात. त्या गायत्याची बायको माझ्याकडे रोज येऊन बसायची, बाजारात शिकलेल्या मराठीत बोलायची. तिनं माझा हात धरून सांगितलं, "पोटुशी बाईले होते असं. पोट्टं झालं का डोळे येते वापस." तिलाही प्रत्येक खेपेला असंच झालं होतं म्हणे. एका खेपेला ती अंधारात उतरंडीवर पडली होती, तेही तिनं हसत हसतच सांगितलं. पण तिच्याच सांगण्यात एक बाई अशीही होती, जिचे डोळे पोर झाल्यावर परत आलेच नव्हते. ते सांगताना ती हसली नाही.

मी वरोऱ्याची, कापसाच्या बाजारात वाढलेली. भाव केल्याशिवाय मीठसुद्धा घेणार नाही. आमच्या घरानं धम्म घेतल्यावर वडिलांनी देव्हारा उचलून ठेवला आणि आम्हा पोरांना एकच शिकवण दिली, की कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, विचारायचं. मी ती शिकवण इतकी मनावर घेतली की नवरा मला वकीलसाहेब म्हणू लागला. पण गंमत अशी, की देव गेले तरी पपई तशीच राहिली होती. पोटुशीनं पपई खायची नाही, कोहळं म्हणजे लाल भोपळा खायचा नाही, आंबा उष्ण म्हणून तोही खायचा नाही, हे आईनं निघताना बजावलं होतं, आणि त्यावर मी एकही प्रश्न विचारला नव्हता. जंगलातल्या पालेभाज्या मला ओळखीच्या नव्हत्या म्हणून त्याही खात नव्हते. भात, तुरीचं वरण आणि लोणचं यावर माझे महिने चालले होते. मुनग्याचा पाला नवरा शेळीला घालायचा.

गायत्याच्या बैलबंडीत बसून आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. मला वाटलं होतं, तिथे सुई मिळेल. आमच्या वरोऱ्याला कशावरही ताकदीची लाल सुई मिळायची. थकवा आला, मन लागत नाही, पोरगं अभ्यास करत नाही, की लाल सुई. कशाची सुई आहे असं विचारलं, तर डॉक्टर पाठीवर थाप मारून मी आहे ना, म्हणायचे. रुग्णांनाही तेच ऐकायचं असायचं. दहा रुपये देऊन कोणाला प्रश्न विकत घ्यायचे असतात?

केंद्रातल्या डॉक्टरबाई सांगलीकडच्या, नोकरीच्या अटीपायी इकडे आलेल्या. दोन वेण्या घातल्या असत्या तर कोणीही त्यांना शाळेत पाठवलं असतं. त्यांनी मला दारातल्या उजेडात बसवलं, पापण्या वर करून पाहिलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका आहे, असं त्यांनी नवऱ्यालाही बोलावून दाखवलं. काय काय खाता, ते विचारलं. माझं ऐकून त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. हे रातांधळेपण आहे, आणि ते 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्यानं होतं, एवढं त्यांनी ठामपणे सांगितलं. मग कपाटातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आत पिकल्या आंब्याच्या रसाच्या रंगाचं औषध होतं. लहान मुलांना सहा महिन्यांतून एकदा याचा चमचा पाजतात, म्हणाल्या.

मी तोंड उघडून बसले. खरंच बसले. पण त्यांनी बाटलीचं झाकण काढलं नाही.

काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, पण हे जात नाही, ते अंगात साठून राहतं, असं त्यांनी सावकाश समजावलं. म्हणून तर मुलांचे एका चमच्यावर सहा महिने निघतात. आणि म्हणूनच पोटातल्या बाळाची भीती. जनावरांवर पाहिलं आहे की हे फार झालं तर पिल्लं अधू निपजतात. माणसांत किती झालं म्हणजे फार, ते त्यांना ठाऊक नव्हतं. धोका पहिल्या महिन्यांत जास्त आणि आता कमी असावा, असं त्यांना वाटत होतं, पण अजिबात नाही असं छापलेलं त्यांना कुठे सापडलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला माझे डोळे होते. हे असंच वाढत गेलं तर बुबुळ कोरडं पडतं, आणि बुबुळ एकदा गेलं की दिवसही गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमी डॉक्टर ना," मी म्हणाले, "मंग सांगा ना. द्याचं का नाई द्याचं?"

"मला माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

इतकं सरळ बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी मान खाली घातली नाही, बोलणं इंग्रजीत वळवलं नाही, टेबलावरचे कागदही चाळले नाहीत. जे माहीत नव्हतं ते त्यांनी त्या बाटलीशेजारी आमच्यासमोर मांडून ठेवलं. मला राग आला होता, तो तसाच होता, पण रागाच्या आत आणखी काहीतरी हललं. मग आता काय करायचं, एवढंच मी विचारलं, आणि नवऱ्यानं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी जे ठरवलं ते असं. थोडं थोडं रोज घेण्यात भीती नाही, हे त्यांना नक्की माहीत होतं. म्हणून रोज एक साधी जीवनसत्त्वाची गोळी, त्यात ते अगदी थोडं असतं, आणि रोज मुनग्याचा पाला, कोहळं, मिळेल ती हिरवी भाजी. दर बाजाराच्या दिवशी त्या नाक्यावर येऊन डोळे पाहतील. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या डॉक्टरांनाही विचारतील. बुबुळ चकचकीत आहे तोवर थांबायचं. ज्या दिवशी ते निस्तेज दिसेल, त्या दिवशी कोणालाही न विचारता चमचा द्यायचा.

त्या आल्या, आणि प्रत्येक बाजाराला आल्या. केंद्राची जीप आठवडी बाजारात औषधं वाटायला यायची, परतताना नाक्यावर थांबायची. डॉक्टरबाई मला पायरीवर बसवत, सूर्य खाली जाईपर्यंत माझ्याशी गप्पा मारत, आणि मग हातात पांढरा रुमाल घेऊन माझ्यापासून दूर दूर चालत जात. मी म्हणायचं, दिसतो, दिसतो, आणि मग म्हणायचं, गेला. पहिल्या खेपेला रुमाल पाण्याच्या रांजणापाशीच गेला. पुढच्या खेपेलाही रांजणापाशीच. नवरा मला शेळीच्या वाट्याचा पाला खाणारी म्हणून चिडवायचा आणि चिडवत चिडवत स्वतःच झाडावर चढून पाला काढायचा. मोठ्या डॉक्टरांचं उत्तरही आलं. एक म्हणाले, देऊन मोकळ्या व्हा. दुसरे म्हणाले, हात लावू नका. डॉक्टरबाईंनी दोन्ही उत्तरं मला जशीच्या तशी सांगितली. मी म्हटलं, दोन घरचा पाहुणा उपाशी. त्या इतक्या हसल्या की मीही हसले.

चैत्रात डॉक्टरबाई आमच्या शेजारच्या गावातल्या मुलांना ते औषध पाजायला आल्या. दोन नद्यांपलीकडे गोवर सुरू झाला होता. ज्या मुलांच्या अंगात हे जीवनसत्त्व नाही त्यांना गोवर फार जड जातो, आणि या गावात दिवस मावळला की धडपडणारी मुलं बरीच होती. मोठ्या झाडाखाली लोक जमले. डॉक्टरबाईंची पुस्तकी मराठी लोकांना कळेना, म्हणून त्या बोलायच्या ते मी माझ्या बोलीत सांगायचं आणि गायत्यानं गोंडीत. हे काय आहे, असं कोणीतरी विचारलं. डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरली आणि समजेल असं सोपं करून सांगितलं, की पिकल्या आंब्यात जे असतं तेच यात आहे. मी ते सांगितलं. गायत्यानं ते सांगितलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले, मग एकेक आई आपलं पोर उचलून घराकडे चालू लागली.

मला काही कळेना. गायत्यानं अगदी अदबीनं खुलासा केला. आंब्याचा पंडुम अजून झाला नव्हता. त्या लोकांत कोणतंही नवं फळ, नवं धान्य आधी मातीला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. तो विधी म्हणजे पंडुम. त्याआधी एकानं जरी खाल्लं तरी सगळ्या गावाला बाधतं. झाडाखाली पडलेला आंबा पोरं पायानं बाजूला सारतात, पण उचलत नाहीत, हे मी स्वतः पाहिलं होतं. आणि आता डॉक्टरबाई स्वतःच्या तोंडानं सांगत होत्या की बाटलीत आंबाच आहे. त्यांचं कुठे चुकलं होतं? सोपं करून सांगावं तर ही पंचाईत.

मी तिथेच तोंड सोडलं. हा आंबा नाही, हे औषध आहे, कारखान्यात बनतं, तुमच्या मातीला याचं काय. पालथ्या घड्यावर पाणी. गायता माझ्याकडे नाही, डॉक्टरबाईंकडे पाहत होता. त्यानं माझ्या पोटाकडे हात केला आणि विचारलं, "बाई, नाकेदारीणले हे देल्लं का तुमी?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"काऊन?"

तिथे एखादं लहानसं खोटं बोलणं किती सोपं होतं. देणार आहे, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नद्यांपलीकडे गोवर होता, समोर मुलं होती, आणि हातात त्यांच्यासाठीचं औषध होतं. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. डॉक्टरबाईंनी माझी खूण पाहिली आणि तरी म्हणाल्या, "मुलांना यानं अपाय होत नाही, हे मला माहीत आहे. हिच्या पोटातल्या बाळाला होईल की नाही, हे मला माहीत नाही."

मी ते सांगितलं, कारण सांगावंच लागलं. गायत्यानं गोंडीत सांगितलं. मला वाटलं, संपलं. मला माहीत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातून कोण पोराला औषध पाजेल? आमच्या वरोऱ्यात असं म्हटलं असतं तर दवाखान्यात दुसऱ्या दिवशी कुत्रं फिरकलं नसतं. म्हातारे बराच वेळ आपसांत बोलत बसले. बायकाही मधे मधे बोलत होत्या, आणि त्यांचं ऐकलं जात होतं. अखेर गायता उठून आमच्याकडे आला.

"जे मालूम नाई ते नाई मनते हे बाई," तो म्हणाला. "मंग जे मालूम हाय मनते, ते मालूमच असन."

मी, प्रश्न विचारण्यात जन्म घालवलेली बाई, बाजाराच्या दर खेपेला त्यांचं माहीत नाही ऐकत होते आणि त्यात फक्त माझी अडचण पाहत होते. या लोकांनी एकदा ऐकलं आणि त्याचं वजन केलं. डॉक्टरबाईंनी रुमाल काढून डोळ्यांना लावला, आणि त्या दिवशी तो मला चांगला दिसला, कारण दुपार होती.

म्हणून त्यांनी पंडुम सोडला असं मात्र नाही. तो त्यांनी लवकर घ्यायचं ठरवलं. आंब्यात कोय धरली की पंडुम करता येतो, पिकायची वाट पाहावी लागत नाही. माणसं जंगलात गेली, कैऱ्या चिरून पाहून आली, आणि आठवड्याच्या आतला दिवस ठरला. डॉक्टरबाईंना त्यांनी आग्रहानं बोलावलं आणि बाटली आणायला सांगितलं.

गावाबाहेरच्या झाडाखाली जागा सारवली होती. गायत्यानं पानांच्या द्रोणांत कैरीच्या फोडी ठेवल्या, तांदूळ ठेवले, मोहाची दारू शिंपडली. मग एक रिकामा द्रोण पुढे केला. डॉक्टरबाईंनी चमचा भरला. सरकारी औषध होतं, ते असं वाया घालवायचं नसतं, पण त्यांनी तो द्रोणात रिकामा केला. गायत्यानं द्रोण घेतला, पुटपुटत पूर्वजांची नावं घेतली, आणि ते आंब्याच्या रंगाचं औषध हळूहळू मातीवर ओतलं. माती ते प्यायली. मी कोणापुढे हात जोडत नाही आणि त्या दिवशीही जोडले नाहीत. पण बसले होते ती उठून उभी राहिले. वडील असते तर काय म्हणाले असते, असा विचार मनात आला, आणि मला वाटलं, तेही उभे राहिले असते. विचारल्याशिवाय मानायचं नाही, हेच तर ही माणसं त्यांच्या रीतीनं करत होती.

त्यानंतर मुलं एकामागून एक आली. चिमणीनं चोच उघडावी तशी तोंडं उघडली आणि चमचा रिकामा होत गेला. गोवर पुढे त्या गावातही आला. डॉक्टरबाई मला सांगायच्या की या औषधानं किती फरक पडला ते त्या खात्रीनं सांगू शकत नाहीत, पण त्या गावातलं एकही मूल त्या खेपेला गेलं नाही, एवढं खरं. ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरच सगळं दिसायचं.

माझं घोडं मात्र तिथेच अडलं होतं. पंडुम झाल्यापासून गायत्याची बायको रोज काही ना काही आणून ओट्यावर ठेवायची, कधी पाला, कधी कोहळ्याची फोड, आणि पाड लागल्यावर आंबे. आईचा आंबा उष्ण होता, हा मी मुकाट्यानं खाल्ला. एका बाजाराला रुमाल रांजण ओलांडून नाक्याच्या बांबूपर्यंत गेला आणि आम्ही तिघांनी साखर खाल्ली. पुढच्या बाजाराला तो पुन्हा रांजणापाशी गेला. असं का, ते डॉक्टरबाईंना ठाऊक नव्हतं. बाळ आता भराभर वाढतंय आणि त्याला लागेल ते तुमच्यातून घेतंय, असा त्यांचा अंदाज होता, आणि हा अंदाज आहे असं त्या दोनदा म्हणाल्या.

मग नवव्या महिन्यातला तो दिवस आला. सकाळपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. नवऱ्यानं लाकडाच्या ट्रकवाल्याकडे निरोप दिला आणि दुपारी जीप आली. डॉक्टरबाईंनी टॉर्च लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. डाव्या बुबुळाची चमक त्यांना कमी वाटत होती. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं, चमचा भरला आणि वाटीवर आडवा ठेवला. आमच्या त्या खोलीत त्या औषधाचा गोडसर वास पसरला. बाळानं त्याच वेळी पाय मारला.

मी विचारलं, "आता तरी मालूम हाय का?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग माझा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. त्यांचा हात गार पडला होता. "पण चुकलं तर एकट्या तुमचं चुकणार नाही. दोघींचं चुकेल. हे मी माझ्या नावावर घेतलंय."

मला रडू आलं. किती डॉक्टर मी पाहिले, आधी आणि नंतरही, बरे करणारे, हुशार, हातगुण असलेले. पण आपल्या अंधारात कोणी असं शेजारी येऊन बसलेलं मी पाहिलं नाही. रडले, आणि डॉक्टरबाई थांबल्या. डोळे पुरते ओले होऊ दिले, स्वच्छ पाण्यानं धुतले, मला खिडकीच्या उजेडात नेलं आणि परत टॉर्च लावला. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर त्यांचा चेहरा होता. त्या श्वास रोखून पाहत होत्या, हे मला कळत होतं.

"चमकतंय," त्या म्हणाल्या.

चमचा त्यांनी परत बाटलीत ओतला. त्या संध्याकाळी त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिलं, चमक होती, तेव्हाच जीपमध्ये बसल्या, आणि मलाही बसवलं. बाळंत होईपर्यंत केंद्रातच राहायचं, असं त्यांनी सांगितलं. यावर मी वाद घातला नाही. नवरा म्हणाला, वकीलसाहेब केस हरले.

ज्येष्ठात भर दुपारी मला मुलगी झाली. डॉक्टरबाईंनी तिला पुसलं, हातापायांची बोटं पाहिली, टाळू पाहिला, आणि मग तिच्या पापण्या हळूच वर करून कितीतरी वेळ तिचे डोळे पाहत राहिल्या. मुलीनं भोकाड पसरलं. सगळं जिथल्या तिथे आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग त्या बाटली घेऊन आल्या. बाळंत झाल्यावर द्यायला हरकत नाही, हे छापलेलं आहे, म्हणाल्या, आणि चमचा माझ्या तोंडात घातला. चव गोड होती आणि मागून थोडी माशाच्या तेलासारखी लागली.

पुढचे काही दिवस मुलगी मला दिवसाच दिसायची. दिवस मावळला की ती म्हणजे मांडीवरचं वजन, ऊब आणि आवाज. चाचपून तिचं तोंड शोधायचं आणि पाजायचं. मी तक्रार केली नाही, पण संध्याकाळ होऊ लागली की मी तिच्याकडे एकटक पाहत बसायचे, जमेल तेवढं पाहून ठेवायचं म्हणून.

नाक्यावर परत आल्यावरची गोष्ट. सूर्य झाडांमागे गेला होता. मी पायरीवर तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि नेहमीसारखी ती दिसेनाशी होण्याची वाट पाहत होते. नवऱ्यानं अजून चिमणी लावली नव्हती. घरट्याकडे परतणाऱ्या बगळ्यांचे आवाज येत होते. ती पीत नव्हती, रडत नव्हती, अगदी शांत पडली होती. झोपली असेल म्हणून मी खाली वाकले. ती झोपलेली नव्हती. डोळे टक्क उघडे ठेवून ती माझ्याकडे पाहत होती, आणि ते मला दिसत होतं.